धुकं जमिनीलगत ठेवायचं तर

अंगणात भुताटकीची सजावट करून भयपट दाखवायचा, तर फॉग मशीन (धुक्यासारखा धूर सोडणारं यंत्र) आणलं की अंगणाचं स्मशान होतं, असं म्हणतात. बंद खोलीत होतं, उघड्यावर नाही. मशीनमधून येणारा धूर गरम असतो, तो सरळ वर चढतो. आमच्या न्यू जर्सीच्या बॅकयार्डात पहिल्या वर्षी अर्ध्या तासात मशीनमध्ये घालायचं बाटलीभर फ्लुइड संपलं आणि थर्माकोलची थडगी उघडीच राहिली. फार हळहळ वाटली होती.

पुढच्या वर्षी जुन्या कूलरला (पेयं गार ठेवायच्या पेटीला) समोरासमोर दोन भोकं पाडली, आत तारेच्या जाळीवर दोन पिशव्या बर्फ ओतला आणि धूर त्यातून सोडला. गार झालेला धूर जड होतो. गवतावरून घोट्याएवढ्या उंचीने सरपटत गेला तेव्हा मोठी माणसंही पाय उचलून चालायला लागली! हिरवा दिवा मात्र थडग्यांच्या मागे, जमिनीवर ठेवा, कारण धुकं मागून उजेड आला की जास्त उठून दिसतं. आणि सिनेमा सुरू झाला की मशीन बंदच करा. प्रोजेक्टरच्या झोतात धूर शिरला की पडद्यावरचे काळोखे प्रसंग पार फिके पडतात, आणि भयपटात सगळी जान त्या काळोखातच असते.