विल्यम ब्लेकला ‘द्रष्टा’ म्हणून आपण त्याला टाळतोय का?

शाईचा डाग (धागाकर्ता)

इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकचं (१७५७–१८२७) नाव निघालं की आधी झाडाची गोष्ट येते. लंडनजवळ पेकहॅम राय इथे लहानपणी त्याला एका झाडाच्या फांद्यांवर देवदूत दिसले होते. मग वाळूच्या कणात जग पाहणारी ओळ येते आणि माणूस ‘गूढवादी’ म्हणून देव्हाऱ्यात जाऊन बसतो.

माझं म्हणणं, हा मान त्याला टाळण्यासाठीच दिला जातो. १८०९ साली त्याने भावाच्या मोज्यांच्या दुकानात आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ‘एक्झामिनर’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने त्याला ‘दुर्दैवी वेडा’ ठरवलं. वेडा म्हणा नाहीतर द्रष्टा म्हणा, तो काय सांगतोय ते ऐकायची जबाबदारी संपली.

ब्लेक पोटासाठी कोरीवकाम करायचा. १४व्या वर्षी जेम्स बेझायर यांच्याकडे ७ वर्षांच्या उमेदवारीला लागला. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या थडग्यांची चित्रं काढत त्याची नजर घडली, आणि त्याच नजरेने त्याने लंडन पाहिलं. १७८८ च्या कायद्याने ८ वर्षांखालच्या मुलांना धुराड्यांत उतरवायला बंदी केली, पण पाळतो कोण? ‘निरागसतेची गाणी’ (१७८९) मध्ये धुराडी साफ करणारं पोर बापाने विकलेलं आहे. ‘अनुभवाची गाणी’ (१७९४) मधलं पोर बर्फात उभं आहे. आईबाप कुठे गेले विचारलं तर सांगतं, चर्चमध्ये प्रार्थनेला. देव, धर्मगुरू आणि राजा यांनी आमच्या दैन्यातून स्वर्ग उभारलाय, असं ते पोर म्हणतं. हे लिहायला दृष्टान्त लागत नाही, रस्त्यावर डोळे उघडे लागतात.

अवकाळी

साफ असहमत. त्याचा हात आणि त्याचे दृष्टान्त तुम्ही वेगळे काढताय, त्याच्यापाशी ते वेगळे नव्हतेच.

धाकटा भाऊ रॉबर्ट १७८७ मध्ये गेला. त्याचा आत्मा आनंदाने टाळ्या वाजवत छतातून वर जाताना आपल्याला दिसला, असं ब्लेक सांगायचा. पुस्तकं छापायची नवी रीतही रॉबर्टनेच येऊन दाखवली म्हणायचा. ती रीत बघा. नेहमीच्या एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढतात, आम्ल त्या रेघा खातं आणि शाई खोलगट जागी बसते. ब्लेकने नेमकं उलट केलं. आम्ल ज्याला खाऊ शकत नाही अशा रोगणाने त्याने अक्षरं आणि चित्र थेट पत्र्यावर काढलं, अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. आम्लाने भोवतालचं तांबं खाल्लं, लिहिलेलं उंच राहिलं. कविता आणि चित्र एकाच पत्र्यावर, एकाच हाताने, बाहेरच्या छापखान्याचं तोंड न बघता.

‘स्वर्ग आणि नरक यांचा विवाह’ या पुस्तकात तो या आम्लाबद्दल काय म्हणतो? की ते वरवरचे पृष्ठभाग वितळवतं आणि दडलेलं अनंत उघडं करतं. कामाच्या टेबलावरची क्रिया हेच त्याचं तत्त्वज्ञान आहे. आणि १७८९ च्या त्या कवितेत एका पोराच्या स्वप्नात पोरांना शवपेट्यांतून सोडवायला चमकती किल्ली घेऊन देवदूतच येतो, ते तुम्ही गाळलंत.

लंबक

धागाकर्त्यांशी अर्धी सहमत. पण ब्लेकच्या शहाणपणाची बाजू घेणाऱ्या दोघांनाही एक विचारते. मी भौतिकशास्त्र शिकवते. त्याचं १७९५ चं न्यूटनचं चित्र मला सलतं. रंगीबेरंगी खडकावर उघडा न्यूटन वाकून कंपासने आकृती काढतोय, पाठीमागच्या सौंदर्याकडे लक्ष नाही. ज्या माणसाने पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवले त्याला रंगांना पाठमोरा दाखवायचं? लोलक भिंतीवर रंग पाडतो तेव्हा मुलांचं आश्चर्य वाढतं, कमी होत नाही. हा अन्याय आहे आणि ‘द्रष्टा’ म्हणून तो माफ करू नये.

अवकाळी

@लंबक, राग रास्त आहे. पण त्याच चित्रातलं न्यूटनचं शरीर बघा, मायकेलअँजेलोच्या आकृतीसारखं देखणं आहे. शत्रूला कोणी असं रंगवत नाही. आणि ‘जेरुसलेम’ या १०० पत्र्यांच्या काव्याच्या शेवटी बेकन, न्यूटन आणि लॉक हे बुद्धिवादी विचारवंत मिल्टन, शेक्सपिअर, चॉसर या कवींच्या बरोबरीने स्वर्गात दिसतात. मोजणाऱ्याला त्याने हाकलून दिलं नाही.

लंबक

शेवटी स्वर्गात जागा दिली म्हणून आधीचा आरोप पुसला जात नाही.

इंद्रायणीकाठ

कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. १८०९ च्या त्या प्रदर्शनात इंग्रज संस्कृत पंडित चार्ल्स विल्किन्स गीतेचं भाषांतर करतायत असं एक चित्र होतं, ‘ब्राह्मण’ नावाचं. म्हणजे ब्लेकची अद्वैतदृष्टी आपल्याकडून गेली, असं म्हणायला जागा आहे.

शाईचा डाग

@इंद्रायणीकाठ, जागा नाही. विल्किन्स यांचं भाषांतर १७८५ चं, ब्लेकला त्याची माहिती होती, इतकंच यातून कळतं. चित्र आता हरवलंय. प्रदर्शनाच्या सूचीत तो स्वतः म्हणतो की यातले पोशाख चुकीचे आहेत असं मला सांगण्यात आलंय, पण प्राचीन कलावंतांनीही असं केलंय. त्याचं घर बायबल आणि मिल्टन. आपल्या खात्यात ओढून आणायची घाई नको.

कोरा कागद

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात ‘एकाच हाताने’ हे मात्र खोटं आहे. ब्लेकची बायको कॅथरिन बाउचर हिने १७८२ साली लग्नाच्या नोंदवहीत फुली मारली, तिला लिहिता येत नव्हतं. ब्लेकने तिला शिकवलं आणि मग तिने छपाईला हात लावला, कित्येक पानं रंगवली. तो गेल्यावर १८३१ पर्यंत त्याची चित्रं विकत तिने दिवस काढले. शेवटच्या दिवशी त्याने तिचं चित्र काढलं आणि ‘तू माझी देवदूत होतीस’ म्हणाला असं सांगतात. मला ती गोष्ट आवडत नाही. दिवसभर छापखान्यात राबणाऱ्या बाईला देवदूत म्हटलं की तिचं काम दिसेनासं होतं.

शाईचा डाग

@कोरा कागद, हेच म्हणतोय मी. अलौकिक ठरवलं की माणसाचं काम झाकलं जातं, तिचंही आणि त्याचंही. १८०३ मध्ये फेल्फम या समुद्रकाठच्या गावी राहत असताना आपल्या बागेतून त्याने एका शिपायाला हुसकावून लावलं, तर राजाला शिव्या दिल्याचा आरोप करून त्या शिपायाने राजद्रोहाचा खटला भरायला लावला. १८०४ मध्ये चिचेस्टरला तो निर्दोष सुटला. सरकारला तो ढगांत राहणारा वाटला नव्हता.

अवकाळी

आणि त्या खटल्याचं त्याने काय केलं? शिपायाचं नाव स्कोफील्ड. ‘जेरुसलेम’मध्ये तो ‘स्कोफेल्ड’ होऊन आल्बियनच्या (माणसाच्या रूपातल्या इंग्लंडच्या) मुलांत, इंग्लंडला छळणाऱ्या शक्तींच्या रांगेत उभा आहे. ही पानं तुम्ही रस्ता पाहणाऱ्या ब्लेकची म्हणाल की दृष्टान्त पाहणाऱ्या?