मदत हवी आहे : शाळेच्या कबड्डीत मुलाचा गुडघा गेला, खर्च कोण देणार?

कृष्णाकाठ
मुलाच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, एमआरआयमध्ये स्पष्ट आलंय. डॉक्टर ऑपरेशनच म्हणतात. शाळेतर्फे खेळत होता. ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणे, ‘आमच्याकडे विमाबिमा काही नाही.’ मग फीच्या पावतीवर ‘विमा’ म्हणून लावतात ते कशाचे? शाळेवर केस करता येते का? लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात ॲडमिट करायचंय.

चष्मेबहाद्दर
कितवीत आहे? सामन्यात लागलं की सरावात? दवाखाना सरकारी की खासगी? काहीच न सांगता ‘लवकर सांगा’!

मातीतला_गडी
मातीवर खेळणारी पोरं एकदम मॅटवर उतरवतात, बूट नाहीत, काही नाही. पाय चिकटतो, वरचं अंग फिरतं आणि गुडघा जातो. मॅट होती का?

कृष्णाकाठ
नववी. तालुक्याचा सामना. खासगी. मॅटचा इथे काय संबंध?

खडू_फळा
ताई, मी मुख्याध्यापक होतो. क्लार्कला विमा विचाराल तर तो नाहीच म्हणणार. राजीव गांधी विद्यार्थी अपघात विमा योजना होती, ती २०१३ ला बंद होऊन सानुग्रह अनुदान, म्हणजे विम्याऐवजी सरकारची थेट मदत, सुरू झालं. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आहे. जून २०२२ च्या जीआरने रकमा वाढल्या : मृत्यूला दीड लाख, आणि अपघातामुळे शस्त्रक्रिया लागली किंवा क्रीडा स्पर्धेत दुखापत झाली तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, कमाल १ लाख. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सामन्याच्या संघयादीची शिक्क्याची प्रत आजच मागून ठेवा, नंतर ती कपाटात सापडत नाही. पैसे मात्र आधी तुम्हालाच भरावे लागतील.

सुरक्षा_कवच
म्हणूनच सांगतो, प्रत्येक मुलाची पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी हवी. व्यनि (खासगी निरोप) करा.

चष्मेबहाद्दर
गुडघा गेल्यावर पॉलिसी? आणि ती मुळात मृत्यू-अपंगत्वाला पैसे देते. वैद्यकीय खर्चाचं कलम जोडलेलं नसेल तर ऑपरेशनचं बिल त्यात बसत नाही. पावतीवरचा ‘विमा’ही बहुधा असलाच असेल. ताई, शाळेकडे कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर लेखी मागा.

आजोळ
घाई करू नका. आमच्या गावचा हाडवैद्य पाला बांधतो, २१ दिवसांत मुलगा पळायला लागेल.

मातीतला_गडी
आजी, हाड मोडलेलं नाही. तुटलेल्या लिगामेंटला पाला काय करणार?

न्यायप्रिय
केस ठोकाच. निष्काळजीपणा आहे सरळ.

खडू_फळा
आणि ज्यांनी प्रस्तावावर सही करायची त्यांनाच नोटीस? मुलगा पुढल्या वर्षी तिथेच दहावीला आहे.

न्यायप्रिय
याच भीतीने शाळा सोकावल्यात.

नीरा_डावा_कालवा
सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना कोणी सांगितली नाही? आता सगळ्या रेशनकार्डांना आहे. फक्त यादीतल्या दवाखान्यात, कॅशलेस. बिल भरून नंतर परत मिळत नाही, त्यामुळे हे ऑपरेशन बसतं का ते ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

कृष्णाकाठ
आमचं हॉस्पिटल यादीत नाही. ह्यांच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे, त्यात मुलाचं नाव आहे. तो चालतो का? खेळातलं लागलेलं देत नाहीत असं शेजारी म्हणाले.

चष्मेबहाद्दर
अहो ताई!! हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं. धंदा म्हणून धोक्याचे खेळ खेळणाऱ्यांना वगळतात, शाळकरी कबड्डीला नाही. अपघाताला सुरुवातीचे ३० दिवस थांबावंही लागत नाही. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारे) आजच कार्ड दाखवा, कॅशलेसची मंजुरी आधीच मागवा. केसपेपरवर ‘कबड्डी खेळताना पडून’ आणि तारीख लिहून घ्या. ‘जुनं दुखणं’ असं चुकून पडलं तर क्लेम अडकतो.

दहावीची_आई
विषय निघालाच आहे तर, तालुक्याला खेळलं की दहावीला क्रीडागुण मिळतात का?

खडू_फळा
नवा धागा काढा.

कृष्णाकाठ
टीपीएकडे कागद दिले. मुख्याध्यापकांनी अर्ज घेतला, पोच द्यायला सोमवारी बोलावलंय. संघयादी क्रीडाशिक्षकांकडेच आहे आणि ते अजून फोन उचलत नाहीत. दुसरीकडे कुठे मिळेल का?

खडू_फळा
तालुका क्रीडा संयोजकांकडे संघाची प्रवेशिका (खेळाडूंच्या नावांचा अर्ज) जमा असते. तिथे विचारा.