दाविदाच्या पश्चात्तापात उरीया कुठे आहे?

किनारा: राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये बायबलमधलं स्तोत्र 51 गायलं जातं. इस्राएलाचा राजा दावीद याने बथशेबा प्रकरणानंतर (बथशेबा ही त्याचा सैनिक उरीया याची बायको), देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा नाथान येऊन गेल्यावर ते रचलं, असं त्याचं शीर्षक सांगतं. त्यातली एक ओळ मला दरवर्षी खटकते: ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे.’ केवळ? ज्याची बायको नेली, ज्याला ऐन लढाईत पुढे ठेवून मागे सरा असं सेनापती यवाबाला लिहिलं, आणि ते पत्रही त्याच्याच हाती धाडलं, त्या उरीयाचं काय? आजही लोक पापनिवेदन करून मोकळे होतात, पण ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात पाऊल टाकत नाहीत. असा पश्चात्ताप मी अपुराच मानतो.

सांजवारा: अजिबात पटलं नाही. दावीद राजा होता, त्याला जाब विचारणारं पृथ्वीवर कोणी नव्हतं. तरी तो स्वतःहून न्यायासनापुढे उभा राहतो. आणि मोशेचं नियमशास्त्र बघा, गणना या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही असं साफ लिहिलंय. म्हणजे बोकड कापून सुटायची सोयच नव्हती. म्हणून तर तो म्हणतो, तुला यज्ञ नको आहेत. ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको’ ही त्याच स्तोत्रातली ओळ वाचताना दाविदाआधीचा राजा शौल आठवा. आत्मा निघून गेल्यावर शौलाचं काय झालं, हे दाविदाने त्याच्यासमोर वीणा वाजवताना स्वतः पाहिलं होतं. ती भीती खरी आहे.

किनारा: भीती खरीच, पण ती स्वतःचं सगळं जाईल याची. नाथान आला तोवर दावीद-बथशेबाचं मूल जन्मलं होतं. म्हणजे इतके महिने राजा गप्प! नाथान तोंडावर सांगतो, ‘उरीया हित्तीला तू तलवारीने मारलंस.’ त्यावर उत्तर काय, तर ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे.’ इथेही उरीया नाही. आणि मेलं कोण? ते तान्हं बाळ.

पायवाट: बाळाच्या मरणाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण उरीयाला शास्त्र विसरलेलं नाही. बायबलमधल्या 2 शमुवेल या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात दाविदाच्या शूर वीरांची यादी आहे, तिचं शेवटचं नाव उरीया हित्ती. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूची वंशावळ देताना बथशेबाचं नाव घेतलं नाही, ‘उरीयाची बायको’ असं लिहिलं.

किनारा: हे मोलाचं आहे. पण तिथे नाव जपलं ते लिहिणाऱ्यांनी.

सांजवारा: मेलेल्याला परत कसं द्यायचं? हेही सांगा ना!

किनारा: नाही देता येत. पण नाथानाने एका श्रीमंताने गरिबाची मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद स्वतःच भडकून म्हणाला होता, त्या श्रीमंताने चौपट भरून द्यावं. यरीहोचा जकातदार जक्कयही येशूसमोर उभा राहून लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणतो, आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झालं आहे’ हे येशूचे शब्द त्यानंतर येतात. उरीयाचं कोणी मागे राहिलं असेल, तर दाविदाने त्यांच्यासाठी काय केलं? स्तोत्र 51 मध्ये मी तेच शोधतोय.