केमो वॉर्डला बदली: ग्लोव्ह-मास्क पुरेसे आहेत का?

रातपाळी: गेल्या आठवड्यापासून केमो डे-केअरला आहे. औषधं फार्मसीतून मिसळून येतात, आम्ही फक्त लावतो आणि काढतो. जुन्या सिस्टर म्हणतात, "मिसळायचं काम आपलं नाही, मग कसली भीती?" एक साधा ग्लोव्ह आणि सर्जिकल मास्क, एवढ्यावर सगळं चालतं. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. इनचार्जकडे नेमकं काय मागू?

मापात_औषध: फार्मसीत आहे. हे पुरेसं नाही. ग्लोव्हच्या खोक्यावर एएसटीएम डी६९७८ लिहिलंय का बघ, म्हणजे ते केमो औषधांसाठी तपासलेले. दोन जोड्या घालायच्या, आतली गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर. अर्ध्या तासाने किंवा फाटले की लगेच बदलायचे. सर्जिकल मास्क औषधाचे कण अडवत नाही.
सगळ्यात महत्त्वाचं, लाइनचं प्रायमिंग (नळीतली हवा काढून ती द्रवाने भरणं) औषध घालण्याआधी, साध्या सलाईनने, फार्मसीतच करून मागा. आणि संपलेल्या बॅगेतून स्पाइक (बॅगेत खुपसलेलं नळीचं टोक) उपसू नका, बॅग लाइनसकट टाका. थेंब उडतो तो तिथेच.

जुनी_सिस्टर: १४ वर्षं करतेय, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

मापात_औषध: ताई, चांगलंच आहे. पण लगेच काही दिसत नाही, हीच तर अडचण आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध स्वतःच कॅन्सरकारक म्हणून नोंदलेलं आहे. फिनलंडमध्ये १९७९ साली ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकांना बाधक घटक सापडले, तेव्हापासून हा विषय आहे.

बेडपॅन_पुराण: सगळे बॅगेबद्दलच बोलतायत! रुग्णाच्या लघवीतून, उलटीतून औषध बाहेर पडतं. केमोनंतर निदान ४८ तास बेडपॅन, चादरी उचलतानाही दोन ग्लोव्ह आणि गाऊन. हे काम मावशी-मामा करतात आणि त्यांना कुणी सांगतच नाही. आमच्याकडे एका मामांनी सांडलेली लघवी उघड्या हाताने पुसली होती, तेव्हा कुठे ट्रेनिंग झालं.

रातपाळी: सांडलं तर स्पिरिटने पुसतो आम्ही...

मापात_औषध: नको! स्पिरिटने औषध निकामी होत नाही, फक्त पसरतं. स्पिल किट (सांडलेलं औषध सुरक्षितपणे उचलायचं सामान) मागा. आणि बाळाचं आताच लेखी कळव. गर्भपाताचा धोका अभ्यासांत दिसलेला आहे, त्यामुळे गरोदरपणाच्या आधीपासूनच दुसरं काम मागणं गैर नाही.

रातपाळी: उद्याच अर्ज देते. मावशींची नावंही ट्रेनिंगसाठी घालते त्यात.