शब्दचर्चा: आटे, सूत, वायसर वगैरे

गोरेगावकर: डिशवॉशर घेतलाय. सिंकखालच्या अँगल कॉकचं, म्हणजे छोट्या नळाचं, तोंड अर्धा इंची, मशीनच्या नळीचं नट पाऊण इंची. जोडायला काय मागायचं? ‘मेल-फीमेल’ थ्रेडना मराठीत काय म्हणतात? ‘नर आटे, मादी आटे’ वाचलं होतं, पण काउंटरवर तसं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि दुकानदार ‘सहा सूत’ म्हणाला, ते काय?

जुना फिटर: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत अर्धा इंच, सहा सूत पाऊण. सुतार, गवंडी, प्लंबर सगळे हेच बोलतात. गंमत म्हणजे आट्यांवर गुंडाळून सफेदा (सांधा बुजवायची पांढरी पेस्ट) लावतात तेही सूतच. तेव्हा त्याच दुकानात ‘सूत द्या’ म्हटलंत तर माप मिळणार नाही, धाग्याची गुंडी मिळेल.

नर-मादी पुस्तकात राहू द्या. ‘बाहेरचे आटे’, ‘आतले आटे’ म्हणा. तुम्हाला एका बाजूला अर्ध्याचे आतले आणि दुसऱ्या बाजूला पाऊणचे बाहेरचे आटे हवेत. याला ‘पाऊण-अर्धा बुश’ म्हणतात. मुंबईच्या नागदेवी बाजारात काय, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळेल.

गोरेगावकर: पण काका, मी पट्टीने मोजलं तर कॉकचे आटे जवळजवळ २१ मिमी भरले. ते पाऊण इंचापेक्षाही जास्त झालं की!

जुना फिटर: ‘अर्धा इंची’ हे पाइपच्या पोकळीवरून पडलेलं नाव, आट्यांचं माप नाही. अर्ध्याचे बाहेरचे आटे साधारण २१ मिमी, पाऊणचे साधारण २६.५ मिमी. मोजून मागायला जाल तर भलताच तुकडा घरी आणाल.

माहीमची: बुशबद्दल थोडं वेगळं मत. त्याची कड पातळ असते आणि नळीच्या नटातला रबरी वायसर त्यावर नीट टेकत नाही. (वॉशरचा ‘वायसर’ कधी झाला कोण जाणे, पण वॉशरमध्ये वॉशर म्हणण्यापेक्षा बरं.) या जोडात पाणी वायसर अडवतो, टेप नाही. टेफ्लॉन टेप फक्त अर्धा इंची बाजूला. मी असते तर सरळ पाऊण इंची तोंडाचा वॉशिंग मशीनचा कॉक मागितला असता. सिंकचा नळही त्याच लाइनवर असेल तर ‘टू-वे’, म्हणजे दोन तोंडांचा, म्हणा. त्याला मराठी शब्द शोधत बसू नका, दुकानदारालाही ठाऊक नसेल.

गोरेगावकर: टू-वेच घेतो, ताई. आतले-बाहेरचे मात्र लक्षात राहिलं.

जुना फिटर: जुना कॉक काढण्याआधी लाइनची चावी बंद करा. इथे चावी म्हणजे व्हॉल्व्ह, कुलपाची नव्हे. शब्द पोर्तुगीज ‘शावे’वरून आलाय, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ पानासुद्धा होतो. टाकी गच्चीवर असेल तर बहुधा ती चावीही तिथेच असेल.