ईस्टरपर्यंत मुलांना गोष्टी हाताने करून शिकवायच्यात, काय करू? (बजेट ५००, ओव्हन नाही)

बाल्कनीतली_बाग: यंदा, २०२६ मध्ये, ईस्टर ५ एप्रिलला. मुलं ४ आणि ८ वर्षांची. रोज संध्याकाळी फार तर २० मिनिटं हातात असतात. झावळ्यांच्या रविवारापासून (ईस्टरच्या आधीचा रविवार, येशूचं यरुशलेमात झावळ्यांनी स्वागत झालं तो) रिकाम्या कबरेपर्यंतची (येशू पुन्हा उठला ती) गोष्ट नुसती वाचून दाखवायची नाही, त्यांच्या हातून घडायला हवी. ओव्हन नाही, खर्च ५०० च्या आत. काय करावं?

नगरकर_रविवारशाळा: पुनरुत्थानाची बाग लावा. पसरट कुंडीला भोकं असली तर उत्तम. जुनी परात असेल तर तळाशी बोटभर खडी घाला, वर तीन बोटं माती. छोटं मडकं आडवं करून अर्धं पुरा, ती कबर. तोंडाशी चपटा धोंडा. मेथी ८ तास भिजवून दाट पेरा, वर मातीचा पातळ थर. २५ मार्चला पेरलीत की ईस्टरला दोन इंच हिरवळ हमखास. बिघडतं ते पाण्याने. तांब्याने ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. फवारा मारा, सकाळ-संध्याकाळ. दुपारच्या उन्हात ठेवू नका, मार्चअखेर कोंब करपतात.

केकवाली_माहीम: मार्शमेलोचे रोल करा ना! मैद्याच्या मळलेल्या गोळ्यात एक मार्शमेलो गुंडाळायचा, लोण्यात आणि दालचिनी-साखरेत घोळवायचा, १८० अंशावर १५ मिनिटं. मार्शमेलो म्हणजे साखर, जिलेटिन आणि बाकी हवा. तो वितळून पिठात मुरतो आणि आत पोकळी राहते. रोल फोडला की आत कोणी नाही, रिकामी कबर! कडा चिमटून घट्ट बंद करा, नाहीतर सगळा पाक तळाशी जळतो.

बाल्कनीतली_बाग: ताई, ओव्हन नाही हो.

केकवाली_माहीम: मग छोटा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) घ्या, वर्षभर उपयोगी पडतो. तोवर कुकर आहेच. रिंग आणि शिट्टी काढा, तळाला दीड वाटी मीठ, वर स्टँड, १० मिनिटं गरम करून मग रोलचं ताट आत. २० ते २५ मिनिटं लागतात. पाणी अजिबात नको.

लाकडी_खेळणी: लाकडी बाहुल्यांचा संच घ्या. गाढव, बारा शिष्य, पहारेकरी, सरकणारा धोंडा. हजार-दीड हजारात बसतो, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

काड्यापेटी१२: विकत कशाला? १२ रिकाम्या काड्यापेट्या, रोज एक उघडायची. झावळीचा तुकडा, नाणी, दोरी, बोगनवेलीचा काटा, खिळा, फासा (शिपायांनी येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, योहान १९:२४), स्पंजचा तुकडा, धोंडा, कापड अशा वस्तू, आणि शेवटची पेटी रिकामी. २५ मार्चला सुरू केलंत तर बारावी बरोबर ५ एप्रिलला येते. काड्या बरणीत काढून उंचावर ठेवा, पेटीच्या घासायच्या बाजूवर कागद चिकटवा. काट्याच्या टोकाला मातीची गोळी लावा, धाकटं चार वर्षांचं आहे.

वसईची_मावशी: बारा पेट्यांत एक घोळ आहे. २५ला झावळी उघडली, पण झावळ्यांचा रविवार तर २९ला! मुलांच्या डोक्यात वार बसत नाहीत. त्यापेक्षा सातच करा. रविवारी झावळी. सोमवारी एक नाणं, येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथले ते (मार्क ११:१५). मंगळवारी गरीब विधवेने मंदिरात टाकलेली दोन बारीक नाणी. बुधवारी अत्तराचा बोळा, येशूला अत्तर लावणाऱ्या बेथानीतल्या स्त्रीसाठी. पेटी सरकवताच वास येतो, आणि लहान मुलाला तो वासच लक्षात राहतो. गुरुवारी शेवटच्या भोजनाचा भाकरीचा तुकडा, शुक्रवारी खिळा. शनिवारी काही नाही. रविवारी रिकामी पेटी.

काड्यापेटी१२: शनिवारी पेटी नाही म्हटल्यावर मुलं कुरकुरतील.

वसईची_मावशी: कुरकुरू दे. शिष्यांनाही तो दिवस तसाच काढावा लागला. फार तर कबरेच्या धोंड्याला ओल्या मातीचा शिक्का लावा (मत्तय २७:६६). रविवारी पहाटे मुलं उठायच्या आत धोंडा बाजूला करून ठेवा.

कांद्याची_सालं: अंडी रंगवा. ८-१० कांद्यांची सालं, लिटरभर पाणी, चमचाभर व्हिनेगर, २० मिनिटं उकळा, मग अंडी घालून १० मिनिटं. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवून पातळ सुती कापडात घट्ट बांधा, नक्षी उमटते. कापड सैल राहिलं की पानाखाली रंग शिरतो. गावरान अंड्यावर रंग कळत नाही, पांढरीच घ्या.

शास्त्र_आधी: अंडी शास्त्रात (बायबलात) कुठे आहेत? ईस्टरचा ससाही नाही.

कांद्याची_सालं: शास्त्रात नाहीत, मान्य. पण पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या, म्हणून सणाला ती साठलेली असायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांत (चर्चांत) ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून.

शास्त्र_आधी: तरी पाय धुणं आधी येतं. गुरुवारी गंगाळात कोमट पाणी, कमरेला पंचा, आणि मोठ्यांनी मुलांचे पाय धुवायचे. उलट नको. योहान १३ मध्ये गुरूच धुतो, गोष्ट तिथेच आहे.

कुलाब्याचा_तेली: एक विनंती. येशूचं शेवटचं भोजन दाखवायला कुणी घरच्या घरी सेदेर (पेसाह सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण) मांडायला सांगेल, ते करू नका. आम्हा बेने इस्राएलांच्या (कोकणातल्या यहुद्यांच्या) घरी पेसाह (वल्हांडण) यंदा १ एप्रिलच्या संध्याकाळी बसतोय. तो आमचा जिवंत सण आहे, शेजाऱ्यांच्या मुलांचं नाटक नव्हे. बेखमीर भाकर म्हणजे काय हे दाखवायचं तर कणकेचा एक गोळा खमीर घालून, एक तसाच ठेवा. तासाभरात फरक मुलं स्वतःच सांगतील.

नगरकर_रविवारशाळा: तेलीदादांना अनुमोदन. बागेत मेथीच लावा, परत सांगतो.

मेथी_प्रेमी: +१ मेथी. उरलेली भाजीत जाते.

झावळीवाली: झावळ्यांच्या रविवारी पातीचा छोटा क्रूस करायचा तर शिंदीची पात नारळापेक्षा बरी, शिंदी खजुरीच्याच जातकुळीतली. हीर काढून टाका. बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी मधोमध दुमडा, वरच्या तिसऱ्या भागावर आडवी पट्टी ठेवा आणि सुतासारख्या बारीक पातीने दोन्ही बाजूंनी तिरपे दोन-दोन वेढे देऊन मागे गाठ मारा. पात ओल्या फडक्यात ठेवा. सुकली की दुमडतानाच तडकते.

बाल्कनीतली_बाग: सर्वांचे आभार. ठरवलं: सात पेट्या, गुरुवारी गंगाळ, आणि बाग. मेथी मात्र नाही, मोहरी पेरणार. थोरल्याला येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला पाठ आहे, त्याला तो दाणा उगवताना बघायचाय. रोल, अंडी पुढच्या वर्षी.

नगरकर_रविवारशाळा: मग मोहरी भिजवू नका, चिकट होऊन हाताला लागते. कोरडीच भुरभुरा, मातीने झाकू नका, दोन दिवस वर ओलं फडकं टाका. कोंब दिसताच फडकं उचला, उशीर झाला तर ते कापडालाच उपटून येतात. आणि डब्यातली जुनी मोहरी असेल तर आजच दहा दाणे ओल्या कापसावर ठेवून बघा. सात-आठ तरी उगवले पाहिजेत, नाहीतर नवी आणा.