'कॉन्स्ट्रक्टिव्ह फीडबॅक'ला मराठीत काय म्हणता?

मरोळकर
मरोळ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सुपरवायझरांसाठी मराठी पुस्तिका करतोय. विषय असा, की हाताखालच्यांवर जीव असलेल्या साहेबाने तर कामातलं उणं हमखास बोलून दाखवावं, ते ऐकणाऱ्याच्याच फायद्याचं. 'विधायक प्रत्याभरण' लिहिलं, तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, हे कोण वाचणार? शिवाय यूपीवाल्यांना 'विधायक' म्हटलं की आमदार आठवतो.

गिरगावकर
प्रत्याभरण बीएडच्या पुस्तकात राहू द्या. 'अभिप्राय' म्हणजे पाहुणे निघताना वही पुढे करतात तो. आणि 'शेरा' तर नकोच. आमची हयात सरकारी कचेरीत गेली. तिथे वार्षिक गोपनीय अहवालातला नुसता 'चांगला' शेराही बढती अडवायचा आणि ज्याच्यावर मारला त्याला पत्ता नसायचा. देव दत्त या सरकारी अभियंत्यांचं हेच झालं होतं. त्यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायला हवी. ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तो कसला फीडबॅक?

ठाणेकर ताई
काका, पोचला तरी कसा पोचतो तेही बघा ना. आमचे साहेब स्वभावाने गरीब. कुणाला दुखवायचं नाही म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणतात, "काही जणांचे रिपोर्ट उशिरा येतात." लेकी बोले सुने लागे! वेळेवर देणारे उगाच धास्तावतात आणि ज्याला लागायला हवं तो चहा पीत बसतो. ही माया नव्हे, भिडस्तपणा आहे.

मरोळकर
अगदी! पुस्तिकेत असाच नमुना घेतलाय. "जरा बघून काम कर" यातून पोराला काय कळणार? त्यापेक्षा बाजूला घेऊन, "काल दुपारच्या पाळीत खोक्यांवर लेबलं तिरकी बसली. रोलर सैल होता का?" आता पोरगा रोलरबद्दल बोलेल. कदाचित दोन आठवड्यांपूर्वीच मेंटेनन्सला सांगितलं होतं हेही निघेल. पण याला 'कानउघाडणी' म्हणू का?

ठाणेकर ताई
छे, ती झाडाझडतीच. 'कान टोचणे' जवळचं आहे, सोनारानेच टोचावेत हे गृहीत धरून. पण गंमत बघा, कानउघाडणी, कानपिचक्या, कान टोचणे, सगळीकडे कान खालच्याचा. वरच्याला सांगायचं तर 'साहेबांच्या कानावर घालणे'. मऊ शब्द आहे, पण वापरात आहे. शेजाऱ्याची चुगली करायला जाणारा 'कान भरतो', तो वेगळा.

गिरगावकर
वा! मग साहेबाचेही कान मोकळे हवेत हे पुस्तिकेत आलंच पाहिजे. कारण रोलर सैल आहे हे पाळीवरच्या पोराला आधी कळतं, केबिनमध्ये नंतर. आणि 'मायाळू साहेब' लिहू नका हो, मला भजी आठवतात. 'कनवाळू' लोक टोमण्यात वापरतात. 'जीव लावणारा' चालेल.

मरोळकर
ठरलं मग. एकच नाम शोधणं सोडतो. पहिलं प्रकरण 'कामातलं उणं कसं सांगावं', दुसरं 'साहेबांच्या कानावर कसं घालावं'.

ठाणेकर ताई
दुसऱ्याला कात्री लागली नाही म्हणजे मिळवली.

मरोळकर
प्रूफ साहेबांच्याच टेबलावर आहे. सोमवारी कळवतो.